नाना कोणत्या बाजूला बसतात

फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारा माणूस आणि फुटबॉलवर जिवापाड प्रेम करणारा माणूस, असे दोन नमुने शोधायला कुणी खान्देशात उतरला, तर त्याचं एकाच घरात, एकाच खुर्चीपाशी काम होईल. ती खुर्ची आमच्या समोरच्या ओट्यावर असते आणि तिच्यात नाना असतात. मुलांनो, तुम्ही दोघांनी परवा त्या लाल जर्सी घालून फोटो पाठवलात ना, तो मी नानांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, पोरं गोड आहेत, पण रंग चुकला." नानांच्या मते फुटबॉलचा रंग एकच, पिवळा, कारण अमळनेरच्या आपल्या 'बोरीकाठ' संघाचा रंग पिवळा आहे. जगातल्या बाकीच्या संघांनी दुसरे रंग घेतले, ते पिवळा आधीच गेलेला होता म्हणून, असं त्यांना मनापासून वाटतं.

तुम्हाला नाना आठवतील ते गेल्या खेपेला तुम्हाला स्कूटरच्या पुढे उभं करून गोडशेव आणायला घेऊन गेलेले. तुमच्या आजोबांचे ते शाळेपासूनचे मित्र. आजोबा गेल्यापासून सकाळी माझं दूध आणि पेपर आत आणून द्यायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं आहे. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता ते पेपरमधल्या बातम्या मोठ्याने सांगतात, त्यामुळे नंतर पेपर वाचायला काही उरत नाही. त्यांचं आयुष्य शेतातल्या पाण्याच्या मोटारी विकण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलं. चालू मोटारीशेजारी उभं राहून शेतकऱ्याशी बोलायची सवय लागली, आणि दुकान पुतण्याच्या हाती गेलं तरी आवाज काही खाली उतरला नाही. ते ओट्यावर बसून बायकोला हळूच, म्हणजे आपल्या समजुतीने हळूच, "भाजीत मीठ कमी होतं" असं म्हणतात, तेव्हा चार घरं पलीकडे कुणीतरी आपली भाजी चाखून बघतं.

हा आवाज रविवारी दुपारी मैदानावर जातो. जुन्या तेलगोदामाच्या भिंतीमागचं ते मैदान, त्याच्या एका कडेला एक कडुनिंब, आणि त्या कडुनिंबाखालचा एक चपटा दगड. त्या दगडावर नानांशिवाय कुणी बसत नाही. म्हणजे बंदी नाही, पण शेजारी बसलेल्याला दिवसभर कानात गुणगुण ऐकू येते. डोक्याला बागायती रुमाल, तोही पिवळा. हा पिवळा रंग नानांनी घरीच बादलीत चढवला. तो उन्हात घामाबरोबर उतरतो, आणि सामना संपला की नाना मानेपासून छातीपर्यंत हळद लागलेल्या नवरदेवासारखे घरी येतात. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का दारातच विचारतात, "आज कुणाशी लग्न लागलं?" नाना बहुतेक वेळा म्हणतात, "हरलो. पण नैतिक विजय आपला." अक्कांनी इतके नैतिक विजय पाहिलेत की त्या पुढचं काही न विचारता गरम पाणी काढायला जातात.

खेळाडूंना नाना त्यांच्या नावाने हाक मारत नाहीत. चपळ पोरगा असेल तर तो 'थ्री फेज'. दम खात खात धावणारा 'सिंगल फेज'. मधेच बंद पडून पुन्हा सुरू होणारा 'स्टार्टर'. आणि आपला गोलकीपर 'फूटव्हॉल्व्ह'. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाला तो बसवतात, वर चढलेलं पाणी परत खाली जाऊ नये म्हणून. आपल्या फूटव्हॉल्व्हमधून पुष्कळ पाणी परत जायचं, पण नाव बदललं नाही. सामना रंगात आला की नाना प्रमाण मराठी विसरून अहिराणीत शिरतात. "पय रे सिंगल फेज, पय! बठ्ठा झोपी ग्यात का रे!" म्हणजे, पळ, सगळे झोपलात का! पलीकडच्या गल्लीतल्या बायका हे ऐकून ओळखतात की आपण एका गोलने मागे आहोत. दोन गोलने मागे असलो तर नाना गप्प होतात, आणि त्या शांततेवरून तेही कळतं. पेनल्टीच्या वेळी ते मैदानाकडे पाठ करून कडुनिंबाच्या खोडाला हात लावून उभे राहतात, आणि तरीही अक्कांना घरी जाऊन सांगताना स्वतः पाहिल्यासारखं वर्णन करतात.

नियमांचं म्हणाल तर मी एकदा त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं होतं. मला कोणतीही गोष्ट व्याख्येपासून सुरू केलेली बरी वाटते. नाना गंभीर झाले. म्हणाले, "सोपं आहे वहिनी. आपला पोरगा गोलच्या जवळ गेला आणि पंचाला ते बघवलं नाही, तर ऑफसाइड." मी विचारलं, त्यांचा पोरगा आपल्या गोलच्या जवळ गेला तर? "तर पंच झोपलेला असतो." एवढ्यावर त्यांचं शास्त्र संपतं, आणि खरं सांगायचं तर त्यावर त्यांचं काही अडलेलं मी पाहिलं नाही.

अशा माणसाच्या घरी गेल्या वर्षी जुई राहायला आली.

जुई ही नानांची एकुलती एक नात, चौथीत शिकणारी. तिच्या वडिलांची बदली वर्षाच्या मध्येच सोलापूरला झाली. तिकडे घर लागेपर्यंत, शाळा मिळेपर्यंत पोरीचं वर्ष मोडायला नको, म्हणून वार्षिक परीक्षा होईस्तोवर ती आजी-आजोबांकडे. दोन वेण्या, गुडघ्यावर कायम एक खपली, आणि तोंडात प्रश्न. दुपारी ती माझ्याकडे पुस्तकं वाचायला येऊ लागली. तुमच्या आईच्या लहानपणीची पुस्तकं मी विषयवार लावून ठेवली आहेत. जुईने ती आठवडाभरात रंगवार लावून टाकली आणि मी काही बोलले नाही, यावरून ती मला किती आवडली असेल ते समजा. तिची वाचायची तऱ्हा निराळी होती. राजकुमाराने राक्षसाला मारलं की आपण पान उलटतो. जुई पान उलटायची नाही. "आजी, राक्षसाच्या घरी कोण कोण होतं? त्यांना मग जेवायला कुणी घातलं?" तिला हरलेल्यांची चिंता. अक्का पोळ्या करायला लागल्या की ही फाटलेली पोळी आधी मागून घ्यायची, कारण फाटलेली कुणी घेत नाही.

आणि या मुलीला फुटबॉलचं नावही नको होतं.

नानांनी पहिल्याच रविवारी तिला एक पिवळी जर्सी आणून दिली. दुकानात लहान माप नव्हतं, पण 'अंगाने भरेल' म्हणून त्यांनी मोठी घेतली. ती तिच्या पायाच्या घोट्यांपर्यंत आली. जुईने दोन दिवस ती झोपताना घातली, तिसऱ्या दिवशी ओट्यावरच्या मांजरीला पिल्लं झाली तेव्हा तिच्याखाली अंथरली. नाना म्हणाले, "चला, चार नवे समर्थक मिळाले." मग त्यांनी गोडशेवेचा मार्ग धरला. जुई मैदानावर आली, कडुनिंबाखाली बसली, पुडी संपवली आणि सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून मुंगळ्यांची रांग कुठे जाते ते बघायला निघून गेली. ती सापडली तेव्हा आपण हरलो होतो. नाना म्हणाले, पोरगी शोधण्यात लक्ष गेलं म्हणून हरलो. नैतिक विजय आपला.

मग एका संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातच सामना मांडला. मी कैरीचं लोणचं द्यायला गेले होते. जेवणाच्या टेबलावर अकरा हिरव्या मिरच्या, समोर अकरा लसणाच्या पाकळ्या, मधे एक लिंबू, आणि दोन्ही टोकांना मिठाची आणि हळदीची बरणी गोलकीपर म्हणून उभी. नाना डाव समजावून सांगत होते. "ही मिरची इकडून धावली. या लसणाला चकवलं. आता ही दुसरी मिरची काय करेल, सांग?" जुई विचारात पडली. तेवढ्यात अक्का आल्या. वरणाची फोडणी तडतडत होती. त्यांनी एका हाताने नानांचा सेंटर फॉरवर्ड उचलला, दुसऱ्या हाताने समोरच्यांचे चार बचावपटू, आणि सगळे कढईत. "आता कोण जिंकलं?" जुईने विचारलं. "वरण," अक्का म्हणाल्या.

अक्कांची या खेळात एक जुनी बाजू आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. अक्कांचं माहेर धुळ्याचं. आणि बोरीकाठ संघाचा खरा वैरी कोण, तर धुळ्याचा संघ. बाकी कुणाशीही हरलो तर नाना रात्री जेवतात. धुळ्याशी हरलो तर भाकरी पुढे ढकलतात आणि अक्का ती पुन्हा पुढे सरकवतात. धुळ्याच्या माणसाच्या हातची भाकरी धुळ्याशी हरलेल्या माणसाला खावी लागते, हे नानांच्या संसारातलं एकमेव दुःख.

शेवटी नाना माझ्याकडे आले. "वहिनी, तुमचं ती ऐकते. तुम्ही शिकलेल्या. तिला नीट मुद्देसूद समजवा." मी समजावलं. गावाचा संघ म्हणजे काय, आपण त्याच्या बाजूने का उभं राहायचं, सगळं क्रमाने. जुईने शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, आपण जिंकलो तर आपल्याला काय मिळतं?"

"आनंद होतो."

"आणि हरलो तर?"

"वाईट वाटतं."

"आणि आपण हरतोच ना जास्त वेळा?"

"हो."

"मग न गेलेलं बरं नाही का?"

मी हे उत्तर नानांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदा एका घरापुरता ऐकला. "वहिनी, पोरगी परीक्षा झाली की जाईल. मग फोन. तुम्हाला तर माहीतच आहे. मी विचारणार, 'जेवलीस का?' ती म्हणणार, 'हो.' त्याच्यापुढे माझ्याकडे दुसरा प्रश्न नाही. तिच्या शाळेतलं मला काही कळत नाही, तिच्या पुस्तकातलं कळत नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे, या रविवारी काय झालं ते. तेवढं जर तिला ऐकावंसं वाटलं…" आणि उठून, पुन्हा नेहमीच्या आवाजात, "असो! दूध तापवलं का? फाटेल!"

मुलांनो, 'हो'च्या पुढची ती शांतता मला ठाऊक आहे. म्हणून त्यानंतर मी प्रत्येक रविवारी त्यांच्याबरोबर मैदानावर जायला लागले. घडीची खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन.

संक्रांत झाल्यावर धुळ्याचा संघ इकडे खेळायला येणार होता, आणि नानांना युक्ती सुचली. युक्ती म्हणजे भरीत. थंडीत आपल्याकडे भरिताची पार्टी झाली नाही तर थंडी पडली असं कुणी मानत नाही, हे तुम्ही जाणताच. नानांची तर पद्धतच आहे की धुळ्याचा संघ आला की त्यांना सामन्याआधी जेवू घालायचं. "उपाशी पाहुण्याला हरवणं पाप आहे." धुळेकरांना वाटतं हा आपल्याला सुस्त करायचा डाव. खरं म्हणजे डाव वगैरे काही नसतो, आणि असला तरी तो फुकट जातो, कारण भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला की आपली पोरंही पाहुण्यांच्या पंगतीत येऊन बसतात. मग पहिला अर्धा सामना दोन्ही संघ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैलांसारखे खेळतात.

या वेळी नानांनी वाढायचं काम जुईवर सोपवलं. सामना बघायला चल म्हटलं तर आली नसती. पंगत वाढायला चल म्हटल्यावर लगेच फ्रॉकला ओढणी बांधून तयार. सकाळपासून मैदानाच्या कडेला कपाशीच्या काड्यांवर ती लांबुडकी हिरवी वांगी भाजली जात होती. नाना धुरात डोळे पुसत जुईला धडे देत होते, आणि ते अख्ख्या अमळनेरला ऐकू येत होते.

"हे बघ माय. पाहुण्याच्या पानावर लक्ष ठेवायचं. त्याने मागायच्या आधी वाढायचं. 'पुरे' म्हणाला तर अर्धी भाकरी, 'खरंच पुरे' म्हणाला तर पाव. आणि पाहुणा असेस्तोवर त्याला सोडून जायचं नाही. परक्या गावात माणसाला एकटं वाटता कामा नये. कळलं?"

"कळलं," जुई म्हणाली. तिला एकदा कळलं की ते कायमचं कळतं, हे नाना विसरले.

धुळेकर एका जीपमधून आले. सगळे दाटीवाटीने बसलेले, पाय कुणाचे नि हात कुणाचे ते उतरल्यावर ठरलं. त्यांच्याबरोबर फक्त एक ड्रायव्हर होता. तो जेवला आणि जीपच्या सावलीत आडवा झाला. त्यांचा गोलकीपर पिंपळनेरकडचा, ताडासारखा उंच आणि लाजाळू. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी दोनदा संपवून रिकाम्या पानाकडे बघत बसला. जुई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "घ्या ना दादा. तुम्ही खरंच पुरे म्हणाला नाहीत अजून." तो लाल झाला आणि तिसरी भाकरी घेतली. ती पुढे सरकली तसा तो शेजाऱ्याला म्हणाला, "अक्का भारी शे." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जुईला अक्का म्हणालं होतं. ती वेणी मागे टाकून पुढच्या पानाकडे गेली, पण चाल बदलली होती.

शिट्टी वाजली. नाना दगडावर, मी घडीच्या खुर्चीत. जुईसाठी त्यांनी आपल्या दगडाशेजारी पोतं दुमडून ठेवलं होतं. ते पोतं रिकामं राहिलं. मुंगळ्यांच्या मागे गेली असेल म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर ती मैदानाच्या पलीकडच्या कडेला होती, जीपजवळच्या विटांच्या ढिगावर. मांडीवर भाकरीची टोपली, पाय जमिनीला न टेकणारे. त्या अख्ख्या बाजूला ती आणि तो घोरणारा ड्रायव्हर.

नाना उठून उभे राहिले. "जुईऽऽ! आठे ये वं माय!"

मैदानावरून एक बारीक पण स्पष्ट आवाज परत आला. "पाहुणे अजून गेले नाहीत, नानाऽ!"

मी नानांना आजवर दोन गोलने मागे असतानाच गप्प झालेलं पाहिलं होतं. आता सामना सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. ते खाली बसले. रिकाम्या पोत्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे मीच शिकवलं, नाही का?" मी म्हटलं, "आज सकाळीच. सगळ्या गावाने ऐकलं."

आणि मग त्या विटांच्या ढिगावरून आरोळी आली. "धुळेऽऽ! पळा ना धुळेऽऽ!" एवढीशी मुलगी, पण ती आरोळी गोदामाच्या भिंतीवर आपटून परत आली. ड्रायव्हर दचकून उठला. आपला फूटव्हॉल्व्ह गोल सोडून तिकडे बघू लागला. नानांच्या चेहऱ्यावर जे झालं त्याचं वर्णन मला करता येणार नाही. राग होता, लाज होती, आणि या दोघांना बाजूला सारून भलतंच काहीतरी वर येत होतं. त्यांनी माझ्या छत्रीची दांडी घट्ट पकडली. "वहिनी, आवाज ऐकला का? मना शे! आवाज मना शे!" माझा आहे, हा आवाज माझा आहे, असं ते सांगत सुटले.

त्या दिवशी कधी नव्हे ते बोरीकाठ जिंकलं. दोन गोलने, तेही धुळ्याविरुद्ध. पोरं नाचत कडुनिंबाकडे आली, नानांना उचलायला. नाना जाग्यावर नव्हते. ते विटांच्या ढिगापाशी गुडघ्यावर बसले होते, कारण जुई हुंदके देऊन रडत होती. पिंपळनेरचा तो उंच गोलकीपर अवघडून शेजारी उभा होता आणि तिला सांगत होता, "अक्का, असं होतं. आम्ही रडत नाही, मग तुम्ही का?" नानांनी पिवळ्या रुमालाने तिचे डोळे पुसले, त्यामुळे तिचं तोंडही पिवळं झालं. "कसाले रडस वं माय? पुढच्या वेळी जिंकेल ना धुळं. नक्की जिंकेल." हे शब्द आपल्याच तोंडातून बाहेर पडले याचा धक्का त्यांना घरी येईपर्यंत पुरला. घरी अक्कांनी सगळं ऐकलं, पदराने तोंड झाकून खूप हसल्या, आणि इतक्या वर्षांचं उट्टं काढलं. "रक्त बोललं! धुळ्याचं रक्त शेवटी बोललंच!" नाना जिंकूनही त्या रात्री भाकरी पुढे ढकलत होते.

त्यानंतर घराचं जे झालं ते विचारू नका. पिवळी जर्सी मांजरीकडेच राहिली. जुईने अक्कांची एक जुनी निळी साडी कापून झेंडा केला, कारण धुळेकरांचा रंग निळा. रोज सकाळी नाना माझं दूध घेऊन आले की मागे जुई असायची, आणि दोघांचा वाद माझ्या ओट्यावर चालायचा. "तुमचा फूटव्हॉल्व्ह गळका आहे, नाना." "आणि तुमचा पिंपळनेरचा खांब? वाकतच नाही!" "त्याला वाकायची गरज नाही, त्याचे हात लांब आहेत." नाना चिडायचे, बाह्या सरसावायचे, आणि जाताना मला दारातून खूण करायचे, की बघा, केवढं बोलतेय.

परीक्षेआधी धुळ्याचा संघ पुन्हा एकदा आला. ऊन वाढलं होतं, भरिताचे दिवस संपले होते, नानांनी पाहुण्यांना शेवभाजी खाऊ घातली. जुईने वाढलं आणि झेंडा घेऊन पलीकडे गेली. शिट्टी व्हायला थोडा वेळ होता. नाना दगडावर बसले. उठले. पुन्हा बसले. शेजारच्या पोत्याकडे बघितलं. मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि मैदानाच्या मधोमध चालायला लागले.

कडेने गेले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण नानांना कडेने जाणं जमत नाही. दोन्ही संघ उभे राहून बघत होते. फूटव्हॉल्व्ह ओरडला, "नाना, रस्ता चुकले का काय?"

"पाहुण्यांकडे चाललो!" नाना न थांबता म्हणाले.

"अहो, मग आमच्यावर ओरडेल कोण?"

नानांनी पावलं लांब टाकली. ते विटांच्या ढिगावर जाऊन बसले. जुईने सरकून जागा दिली आणि झेंड्याचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

मी घडीच्या खुर्चीतून, मैदानापलीकडे, ते सगळं बघत होते. आपल्या पोराने चेंडू पुढे नेला की नानांचं तोंड आपोआप उघडायचं, आणि शेजारी बघून मिटायचं. धुळ्याने गोल केला तेव्हा जुईने ढिगावरून उडीच मारली, आणि नानांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत चांगलं भाषण झाल्यावर वाजवतात तशा. बोरीकाठ हरलं. सामना संपल्यावर सिंगल फेज घाम पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजी, नानांना सांगा, तुमची शिवी कानावर पडली नाही तर पाय उचलत नाहीत." मी सांगितलं. नाना म्हणाले, "माहीत आहे. पण तिकडं पोरगी एकटी होती." आणि मग रुमाल पुन्हा डोक्याला बांधत, "नैतिक पराजय माझा."

परीक्षा झाली आणि जुई सोलापूरला गेली. एसटी स्टँडवर नाना खिडकीशी उभे राहून आपल्या समजुतीने हळू आवाजात सूचना देत होते, आणि अख्खी गाडी माना डोलावत होती. गाडी हलली तेव्हा मला वाटलं आता ते 'जेवून घे' म्हणतील. त्यांनी शेवटचं जे सांगितलं ते असं: "तुझ्या त्या खांबाला सांग, वाकायला शिक म्हणावं!" खिडकीतून निळा झेंडा बाहेर आला.

आता रविवारी संध्याकाळी फोन असतो. नाना ओट्यावर बसतात, फोन तोंडापासून हातभर लांब धरतात, आणि मला इथे खिडकीत बसून दोन्हीकडचं ऐकू येतं, कारण पलीकडचा आवाजही त्यांचाच आहे. कोण जिंकलं, कुणी गोल केला, पंच झोपला होता का. धुळ्याचा सामना असेल तर भांडण होतं, फोन आपटला जातो आणि दोन मिनिटांत पुन्हा येतो. जेवलीस का, हे विचारायचं नाना बहुतेक वेळा विसरतात. अक्का आतून ओरडून आठवण करतात, तेव्हा पलीकडून "होऽ" येतं आणि दोघं पुन्हा गोलकडे वळतात.

पावसाळा सरल्यावर धुळेकर परत आले. मी माझी खुर्ची आणि छत्री घेऊन गेले होते. पहिला अर्धा सामना नाना कडुनिंबाखाली पिवळा रुमाल बांधून घसा फुटेस्तोवर ओरडले. मध्यंतर झालं तसे ते उठले, रुमालाच्या घड्या घातल्या, आणि मैदान ओलांडून विटांच्या ढिगाकडे गेले. या वेळी कुणी हसलं नाही. फूटव्हॉल्व्हने नुसता रस्ता दिला. पिंपळनेरच्या उंच पोराने त्यांना बघून सलाम ठोकला आणि विचारलं, "अक्का नाही आली?" नाना म्हणाले, "तिच्या जागेवर मी." आणि उरलेला सामना ते तिथे एकटे बसून राहिले. झेंडा नव्हता, म्हणून भाकरीच्या टोपलीवरचं फडकं गुडघ्यावर पसरून.

येत्या रविवारी तुमच्या त्या लाल जर्सीवाल्यांचा सामना आहे म्हणून तुम्ही कळवलंत. त्यांचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, पण मी चष्मा आणि खुर्ची तयार ठेवली आहे. फोन करा. मी 'जेवलात का' विचारणार नाही. मी कोणत्या बाजूला बसायचं, तेवढं फक्त आधी सांगून ठेवा.